निळ्या काठाचा कप आणि एक किलोलिटर सूप

३ फेब्रुवारी, सोमवार

पाणीपुरवठा खात्यातून मला वेळेआधी घरी बसवलं त्याला आज चार महिने झाले. जाताना खात्याने एक शाल दिली, आणि टेबलाच्या खणात उरलेली ही डायरी मी स्वतःच घेतली. शाल कपाटात आहे. डायरी आज उघडली, कारण आज लिहिण्यासारखं काही तरी घडलं. आत्तापर्यंत घडत होतं ते म्हणजे सकाळ, आणि मग संध्याकाळ.

ही, म्हणजे माझी बायको, गेली अकरा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून टोमॅटोचं सूप विकते. समोर दवाखाना आहे, शेजारी शिंप्याचं दुकान, पलीकडे दोन-तीन कचेऱ्या. दुपारी बारा ते अडीच खिडकीपाशी माणसं वाडगे हातात घेऊन उभी असतात. मी नोकरीत असताना हा प्रकार मला दिसत नव्हता. आता दिवसभर दिसतो.

आज खिडकीशी एक मॅनेजर आला. डबाबंद सूप तयार करणारा कारखाना आहे त्यांचा. तीन वाडगे प्यायला, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाई, हेच सूप आम्हाला आमच्या टाकीत करायचंय. एका खेपेला एक किलोलिटर."

हिने माझ्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात किलोलिटर हा शब्द मी घरात इतक्या वेळा बोललो असेन, पण हिने त्यासाठी माझ्याकडे वळून बघण्याची ही पहिली वेळ.

"हजार लिटर," मी म्हणालो. "एक घनमीटर. दहा हेक्टोलिटर."

"यांना विचारा," ही मॅनेजरला म्हणाली. "मोठी मापं यांच्याकडे असतात."

अट एकच. प्रत्येक खेपेला हिने जातीने कारखान्यात यायचं, चव बघायची आणि कागदावर सही करायची. "तुमच्या जिभेवर तर सगळं आहे," मॅनेजर म्हणाला. त्यावर ही गप्प झाली. आणखी काही पदरात पाडून घ्यायचा विचार करत असणार. बायकांना व्यवहार कळतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिची पाककृतीची वही पाहिली. हसावं की खात्याला कळवावं, समजेना.

"पाणी सहा कप, टोमॅटोचा रस चार कप, लोणी एक चमचा, मीठ अडीच चमचे, साखर दीड चमचा, मिरपूड पाऊण चमचा. उकळी. मंद. झाकण."

निदान कप आणि चमचा तरी आहे, हे नशीब. गेल्या जूनपर्यंत ही सगळं हातानेच घालायची. मूठभर, चिमूटभर, 'एवढंसं'. जूनमध्ये आम्हा दोघांनाही ताप आला. मी चार दिवसांत उठलो, हिला तीन आठवडे लागले. पण उठली ती शिस्त घेऊनच. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट कपाने मोजते, चमच्यावरचं मीठ सुरीने सपाट करते. इतकंच नाही, मी घरी बसल्यापासून रोज मला विचारते, "मीठ बघा हो जरा." अठ्ठावीस वर्षं माझं मत कुणी विचारलं नव्हतं. माणसाची संगत उशिरा का होईना लागते.

तर हिशेब. एक किलोलिटर म्हणजे दहा लाख मिलिलिटर. कप अडीचशे मिलिलिटरचा, म्हणजे चार हजार कप. चमचा पाच मिलिलिटरचा, म्हणजे दोन लाख चमचे. हिचं एक पातेलं दहा कपांचं, अडीच लिटर. अशी चारशे पातेली. चारशे गुणिले अडीच, मिठाचे हजार चमचे. पाच लिटर मीठ. एका बादलीचं काम.

लाल शाईने खाली दोन रेघा मारल्या. जलाशयाची पातळी लिहिताना मारायचो तशा.

हिने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "माझा कप बघितलात का?"

"कप म्हणजे कप."

"असं असतं होय," ही म्हणाली आणि कांदा चिरायला गेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाजारातून मापांचा संच आणला. स्टीलचे चार कप, एका कडीत ओवलेले चार चमचे. प्रत्येकाच्या दांड्यावर आकडा ठोकलेला. हातात घेतल्यावर बरं वाटलं. घरात पहिल्यांदाच एखादी वस्तू आपण कोण आहोत हे स्वतः सांगत होती.

हिचा जुना कप एनॅमलचा आहे. पांढरा, निळ्या काठाचा, कानाजवळ पोपडा उडालेला. तो मी दाढीच्या पाण्याला घेतला. चमचाही जुना, पसरट, मान मोडून परत सरळ केलेला. तो खणात मागे टाकून दिला.

या एवढ्याशा गोष्टीवरून हिने जे तोंड पाडलं ते बघण्यासारखं होतं.

"तो कप मला लागतो."

"हा बघ की. यावर अडीचशे लिहिलंय. तुझ्या कपावर काही लिहिलेलं नव्हतं."

"माझा त्यावर हात बसलाय."

"कारखान्यात टाकीला हात बसवणार आहेस का तू?"

ही काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे पटलं, असं मी समजतो. पुष्कळ वर्षं समजत आलो आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

दूध करपलं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो, तिथपर्यंत वास आला. धावत गेलो तर ही ओट्यापासून दोन हातांवर बसून शांतपणे टोमॅटो निवडत होती. पातेल्यातून धूर निघत होता.

"नाक गहाण ठेवलंयस का?" मी म्हणालो.

दचकून उठली. गॅस बंद केला. पातेलं घासायला घेतलं आणि अर्धा तास घासत बसली. हल्ली हिचं लक्ष नसतं. कारखान्याचं डोक्यात शिरलंय.

समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर हिला कसल्याशा गोळ्या देऊन गेला. गुडघ्याच्या असाव्यात. हा माणूस फार चिकट आहे. गेल्या जूनच्या तापानंतर हिने त्याला दहा-बारा दिवस रोज फुकट वाडगा दिला आणि खिडकीत उभं करून काय काय विचारलं, तेव्हापासून तो स्वतःला घरातलाच समजतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

नव्या मापांचं पहिलं सूप. पातेलं काठोकाठ भरलं, उतू जायच्या बेतात. तेवढ्याच मापांत अर्धा लिटर जास्त. मी ही प्रगती समजलो.

बाराला पाच कमी असताना हिने पळीतून थोडं माझ्यासमोर धरलं. "मीठ बघा हो."

इथे खरं लिहायला हरकत नाही, डायरी कुणी वाचत नाही. चव अशी होती की टोमॅटो पाण्यातून नुसता चालत गेला असावा. पण माप स्टीलचं होतं, आकडा ठोकलेला होता, हिशेब माझा होता. आणि हिचं तोंड माझ्याकडे वर झालेलं, शाळेत निकाल ऐकायला उभं राहतात तसं.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

हिने सुटकेचा श्वास टाकला. मलाच बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कंपाउंडर वाडगा परत करताना मला म्हणाला, "घनमीटर साहेब, वहिनींची तब्येत बरी आहे ना?" खात्यातलं हे टोपणनाव याला कुणी सांगितलं कोण जाणे.

"का?"

"सूप आज उपाशी वाटलं."

शिंप्याने तर काही न बोलता वाडगा अर्धा भरलेला परत दिला. शिंपी बोलत नाही, तोंडात टाचण्या असतात.

ही मोरीपाशी वाडगे रिकामे करत होती. एकेक वाडगा उजेडात धरून बघत होती, किती उरलंय. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, "काही नाही. आज मीठ ठीक होतं ना?"

"ठीक होतं."

"नक्की?"

"मी काय खोटं सांगेन?"

दोन दिवसांत दोनदा सांगितलं. आता तिसऱ्यांदा वेगळं सांगायचं म्हणजे पहिली दोन्ही खोटी ठरतात. खात्यात अशा वेळी आम्ही मीटर बदलायचो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्वयंपाकघरातली फळी मी आकारमानाप्रमाणे लावली. दोन लिटरचे डबे वर, लिटरचे मध्ये, अर्ध्या लिटरचे खाली. ही देवासारखी बसून बघत होती. काम झकास झालं, फक्त साखर आणि मीठ यांचे डबे अगदी सारखे निघाले आणि माझ्या हातून अदलाबदल झाली.

चार वाजता हिने चहा केला. पहिलाच घोट मोरीत थुंकलो. मिठाचा चहा. मागे वळून बघतो तर ही खिडकीत उभी राहून आपला चहा पीत होती. घोटाघोटाने. संपवला. कप विसळला. वर मला विचारलं, "तुमचा गार झाला का?"

यालाच म्हणतात खुन्नस. माझी फळी हिला पटली नाही म्हणून अख्खा कप मिठाचं पाणी गिळलं, पण तोंड वाकडं केलं नाही. बायकोचा राग मी एकोणतीस वर्षं बघतोय, पण इतका चिवट कधी बघितला नव्हता.

मी डबे गुपचूप बदलून ठेवले. बोललो नाही. मलाही गप्प बसता येतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्यात छोटी चाचणी. एक हेक्टोलिटर, म्हणजे शंभर लिटर. माझ्या कागदाप्रमाणे अर्धा लिटर मीठ. चकचकीत टाकी, आत फिरणारं पातं, डोक्याला सगळ्यांच्या कागदी टोप्या. हिला टोपी छान दिसत होती. मला म्हणाली, "तुम्ही डोकं धुऊन आल्यासारखे दिसताय."

तिथे प्रयोगशाळेत एक मुलगी आहे, तिशीच्या आतली. सगळे तिला लॅबवाली म्हणतात. सगळ्या गोष्टी लिहून घेते, मला आवडली. तिने स्टीलच्या पेल्यात सूप काढून हिच्या पुढे केलं. हिने तोंडात घेतलं, घोळवलं, गिळलं. आणि माझ्याकडे बघितलं.

मी टाकीकडे बघत होतो.

"ठीक आहे," ही म्हणाली.

लॅबवालीने स्वतः एक घोट घेतला. "काकू, रागावू नका. मी तुमच्या खिडकीत प्यायले होते ते हे नाही."

मॅनेजर प्यायला. त्याच्या कपाळावर आठी आली आणि तिथेच राहिली. "टोमॅटो बदलले का?"

"टोमॅटो हल्ली पाणचट येतात," मी म्हणालो. एकोणतीस वर्षांची नोकरी, सबब तयार असते.

त्याने बाजूला घेऊन सांगितलं ते हिलाही ऐकू गेलं असणार. ३ मार्चला पूर्ण किलोलिटरची खेप आहे. ती जमली तर ठीक, नाही तर त्यांच्याकडे दुसऱ्या एका बाईंचं सूप आहे. तेही वाईट नाही.

येताना बसमध्ये ही खिडकीशी बसली. बाहेर बघत म्हणाली, "अकरा वर्षं लोक माझ्या हातचं म्हणून पितात." एवढंच. मी तिकिटाचे सुटे मोजत राहिलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दवाखान्यात गेलो. आजारी म्हणून नाही, कुणाशी तरी बोलायला. कंपाउंडर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. मी सगळं सांगितलं. ही कशी मुद्दाम करते, माझ्या मापांवर हिचा कसा राग, कारखान्यात फिक्कट सूपला 'ठीक आहे' म्हणून मला कसं तोंडघशी पाडलं. पुरावा म्हणून मिठाच्या चहाची गोष्ट सांगितली.

त्याने चिठ्ठी चिकटवणं थांबवलं.

"अख्खा प्यायल्या?"

"अख्खा. वर कप विसळला."

"साहेब, मिठाचा चहा रागाने कुणी अख्खा पीत नाही. तुम्ही पिऊन बघा."

"म्हणजे काय?"

"पेशंटचं मी बोलत नाही," तो म्हणाला आणि बाटलीकडे वळला. "पण पिऊन बघा."

ही बाजारात गेली होती. मी चहा केला, दोन चमचे मीठ घातलं, खिडकीत उभा राहिलो. पहिला घोट गेला. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. तिसरा जाईना. चिडून बघितलं, तरीही जाईना.

१८ फेब्रुवारी, पुन्हा

डायरी पहिल्यापासून वाचली. ४ तारीख, जूनचा ताप. ९ तारीख, दूध. त्याच तारखेच्या गोळ्या. १० तारीख. १५ तारीख.

सगळं मीच लिहिलंय. तारखेसकट. खात्यात एखाद्या टाकीची नोंद अशी लिहून कुणी गळती ओळखली नसती, तर मी त्याला नोटीस काढली असती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस हिला काही बोललो नाही. बोलायच्या आधी काही तरी हातात असावं, अशी सवय आहे.

कंपाउंडरकडून वीस मिलिलिटरची पिचकारी आणली, सुई काढून. दाढीचा कप घासून स्वच्छ केला. निळ्या काठाच्या खालपर्यंत पाणी भरलं, ही भरायची तसं, आणि पिचकारीने ओढून मोजलं. दहा वेळा. बरोबर दहा. कप अडीचशेचा नाही, दोनशेचा आहे.

मग खणातून मान मोडलेला चमचा काढला. तो पाचाचा नाही, सहाचा.

कप लहान, चमचा मोठा. दोन्ही चुका एकाच बाजूला. हिचं पातेलं अडीच लिटरचं नव्हतंच, दोन लिटरचं. किलोलिटरला चारशे नाही, पाचशे पातेली. साडेबाराशे चमचे, प्रत्येक सहाचा. साडेसात लिटर मीठ. मी पाच लिहिलं होतं. मीठ, साखर, मिरपूड, सगळ्यांचा एक तृतीयांश मी लाल शाईने खाऊन टाकला होता. लोणीसुद्धा.

'माझा कप बघितलात का,' हिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मोजणीच्या धंद्यातला तो पहिला प्रश्न असतो. भांडं कोणतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो. ही मिरपूड कुटत होती.

"सूप फिक्कं होतं," मी म्हणालो. "दहा तारखेपासून. रोज."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"वाडग्यांत उरत होतं. आधी कधी उरत नव्हतं."

"मग मला विचारत का होतीस?"

"एखाद्या दिवशी खरं सांगाल म्हणून."

मिरपुडीने मला शिंक आली. दोन आल्या. हिला एकही नाही. बत्ता तोंडाखाली होता हिच्या.

"तुला चव लागत नाही," मी म्हणालो. "वासही नाही."

बत्ता थांबला. "कधी कळलं तुम्हाला?"

"परवा."

"आठ महिन्यांनी." ही पुन्हा कुटायला लागली. "पाण्याची टाकी असते तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं."

खरं होतं. मी पाटावर बसलो. मग हिने सांगितलं, बत्ता न थांबवता. तापातून उठली तेव्हा पोळी आणि पाठकोरा कागद सारखेच लागायला लागले. आज येईल, उद्या येईल असं करत राहिली. खिडकी बंद करायची नव्हती. म्हणून कंपाउंडरला खिडकीत उभं केलं, रोज एकेक चमचा कमीजास्त करून विचारलं, आणि बारा दिवसांत जुनी चव त्या कपात आणि त्या चमच्यात पकडली. वहीत लिहिली. तेव्हापासून कप म्हणजे हिची जीभ.

आणि त्यात मी दोन आठवडे दाढीचा ब्रश बुडवत होतो.

"कंपाउंडरला विचारलंस. मला का नाही?"

"तुम्ही भांडण झालं की खारट म्हणता आणि कामवालीसमोर छान म्हणता. मला माप हवं होतं."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वहीत लिहून ठेवलं असतं," ही म्हणाली. "तारखेसकट."

२४ फेब्रुवारी, सोमवार

कप आणि चमचा जागेवर. सूप पूर्वीसारखं. शिंप्याने वाडगा पुसल्यासारखा रिकामा परत दिला आणि तोंडातली टाचणी काढून म्हणाला, "आलं." एवढंच. शिंप्याचं भाषण.

कागद नव्याने केला. साडेसात लिटर. या वेळी लाल रेघ मारली नाही.

राहता राहिली सही. ३ तारखेला ही चव बघून सही करणार, आणि चव तर हिला कळत नाही. मी म्हणालो, सोपं आहे, मी शेजारी उभा राहीन. बरोबर असलं तर चष्मा वर करीन, कमी असलं तर कान खाजवीन.

"आणि जास्त झालं तर?"

"खोकेन."

"आणि खरोखरच खोकला आला तर?"

तरी तसंच ठरलं.

३ मार्च, सोमवार

सविस्तर लिहितो.

अकराला टाकी भरली. एक घनमीटर सूप मी पहिल्यांदाच पाहिलं. खात्यात लाखो घनमीटर बघितले, पण त्यांना वाफ नव्हती. एक कामगार माझा कागद बघून लिटरच्या मापाने मीठ घालत होता, साडेसात वेळा. मी मोजलं. बरोबर मोजलं त्याने.

लॅबवालीने पेला भरून हिच्या हातात दिला. दुसरा मॅनेजरला, तिसरा मला, शिष्टाचार म्हणून. हिने घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

मी चाखलं. कमी होतं. फार नाही, पण होतं.

कागद बरोबर, कप मोजलेला, चमचा मोजलेला, हिशेब तीनदा तपासलेला. हात चष्म्याकडे निघालाही होता. कारण कागद माझा, आणि कागद चुकूच शकत नव्हता. मग हिचं तोंड दिसलं. कागदी टोपीखाली, दहा तारखेसारखंच.

कान खाजवायचं विसरलो.

"कमी आहे," मी मोठ्याने म्हणालो.

सगळे वळले. मॅनेजर म्हणाला, "अहो काका, तुमच्याच कागदावर साडेसात आहे."

"असेल. पण सूपमध्ये नाही."

मिठाचं पोतं बघायला मागितलं. उघडलं तर जाड मीठ, हरभऱ्याएवढे खडे. आमच्या घरी बारीक असतं. खड्यांच्या मधे हवा असते, आणि लिटरच्या मापाने हवाही मिठाच्या भावात मोजली जाते. एकोणतीस वर्षं मी पाण्याशी संसार केला. पाण्यात पोकळी नसते, त्यामुळे हे कधी डोक्यात यायचं कारणच पडलं नाही.

लॅबवालीने दोन्ही तोलून बघितलं. बारीक मीठ साडेसात लिटर म्हणजे नऊ किलो. त्यांनी घातलेलं जाड मीठ पावणेआठ किलो भरलं. "सव्वा किलो कमी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की तसं खात्यात कुणी बघितलं नव्हतं. "काका, तुम्हाला ते जिभेवर कळलं?"

सव्वा किलो घातलं. पातं फिरलं. पुन्हा पेले. मी चाखलं आणि चष्मा वर केला. या वेळी नुसता घाम आला होता म्हणून. पण खिडकीतलंच सूप होतं ते. मॅनेजरने पेला संपवला आणि कागद हिच्यापुढे सरकवला. 'चव पाहणार' असं छापलेलं, पुढे रेघ.

हिने पेन घेतलं. ठेवलं.

मी खोकलो. खरोखरच.

"साहेब," ही मॅनेजरला म्हणाली, "मला आठ महिने चव कळत नाही. वासही नाही. तुमचं हे सूप मला गरम पाण्यासारखं लागलं."

मॅनेजरने हातातला रिकामा पेला उलटा करून बघितला.

"मग हे इतके दिवस?"

"मापाने. माप माझ्याकडे पक्कं आहे. चव यांच्याकडे आहे, पण यांना बोलायला वेळ लागतो. दोघं मिळून एक माणूस धरा."

मॅनेजरने टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, करार हिच्या जिभेचा होता, तेव्हा वर विचारावं लागेल. लॅबवाली मात्र म्हणाली, "सर, ज्याची चव जाऊ शकते त्याच्यावर आपण सगळं सोडलं होतं. या काकूंनी आपल्याला वही दिली." मॅनेजरने तिच्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. हजार लिटर सूप उकळत होतं, ते काही वर विचारायला थांबणार नव्हतं. म्हणाला, ही एक खेप घेतो. पुढची पुढे.

कागदाच्या रेघेवर हिने सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं. शेजारी जागा नव्हती, मी समासात केली.

बसमध्ये विचारलं, "ठरलं होतं ना चष्मा आणि कान?"

"तुम्ही कान कुठे खाजवलात? खरं बोललात की चक्क, चारचौघांत," ही म्हणाली. "मग मीच कशाला मागे राहू?"

११ मार्च, मंगळवार

कारखान्याकडून निरोप आला. दुसरी खेप २० तारखेला, तीसुद्धा त्या एकाच खेपेपुरती. मीठ यापुढे किलोत मोजायचं. छापील कागदात 'चव पाहणार' च्या खाली आणखी एक रेघ वाढवली आहे.

कंपाउंडर म्हणतो, काहींची चव परत येते, काहींची नाही, सांगता येत नाही. हे त्याने हिच्यासमोर सांगितलं आणि ही म्हणाली, "आली तर बरं. नाही आली तर हे आहेत." मग माझ्याकडे वळून, "अर्धे."

दाढीला आता अडीचशेचा स्टीलचा कप घेतो. पन्नास मिलिलिटर पाणी रोज वाया जातं.

१२ मार्च, बुधवार

बाराला पाच कमी. पळी पुढे आली.

"मीठ बघा हो."

घोट घेतला. घाई केली नाही. खिडकीबाहेर शिंपी आणि कंपाउंडर उभे होते.

"पाव चमचा कमी," मी म्हणालो.

"कुठला चमचा?"

"तुझा."